आहेरकाकांच्या कॉम्प्युटरची झडती

आमच्या शेजारच्या आहेरकाकांकडे एका पानाची प्रिंट काढायला गेलं, तरी पेन ड्राईव्ह दारातच द्यावा लागतो. माणसाला आत प्रवेश आहे, पेन ड्राईव्हला नाही. काका तो चिमटीत धरून उलटासुलटा बघतात आणि विचारतात, "याआधी कुणाच्या मशीनला लावला होता?"

"क्लासच्या," मी सांगते. मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते.

"म्हणजे गावभर फिरून आलाय. बसा, झडती होऊ द्या."

मग अँटिव्हायरस सुरू होतो. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते, माझी मुलं तिकडे प्रश्नपत्रिकेची वाट बघत दंगा घालतात, आणि काका हाताची घडी घालून स्क्रीनसमोर उभे राहतात. बसत नाहीत. झडती उभ्यानेच घ्यायची असते म्हणे.

याला कारण आहे. काका नाशिकरोडला एका सरकारी कारखान्यात गेटवर नोकरीला होते. सुटीचा भोंगा झाला, की डबा उघडा, खिसे उलटे करा, चपला काढा. त्याच कारखान्यातल्या सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी कधी झडतीवाचून सोडलं नाही. तो बिचारा भाऊबीजेलासुद्धा त्यांच्या घरातून निघताना सवयीने हात वर करायचा. निवृत्तीनंतर मुलाने, संदीपने, वेळ जावा म्हणून कॉम्प्युटर आणून दिला आणि काका पुन्हा ड्युटीवर हजर झाले.

इंटरनेटची वायर कामापुरती लावायची, काम झालं की उपटायची. "गेट सताड उघडं टाकून जेवायला जातं का कुणी?" असं त्यांचं म्हणणं. पासवर्ड दर संकष्टीला बदलतात, म्हणजे तारीख चुकत नाही. पण तो बदलतात चंद्रोदयाच्या आधी, पोटात कावळे ओरडत असताना, त्यामुळे त्यांचे सगळे पासवर्ड खाण्याचे असतात. वर टाइप करताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायची खोड. या महिन्यात बटाटेवडा आहे हे भिंतीपलीकडे आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, उगाच झोप उडायची.

बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या भामट्यांचे फोन आपल्याला येतात तसे त्यांनाही येतात. आपण कापतो. काका कापत नाहीत. "तुमचा बिल्ला नंबर? शिफ्ट कुठली? वरिष्ठ कोण, त्यांना द्या फोन." शेवटी समोरचाच वैतागून फोन ठेवतो, आणि काका खुशीत येऊन मला चहाला बोलावतात.

तर असा हा माणूस. पण याच झडतीने त्यांचं घर बोलेनासं झालं.

मागच्या दिवाळीत संदीप बंगळूरहून बायको-मुलीला घेऊन आला होता. नातीच्या, सईच्या बारशाला काकांना जाता आलं नव्हतं, म्हणून ते सगळे फोटो पेन ड्राईव्हवर घालून आणले होते. काकांनी झडती घेतली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. काकांनी मागचापुढचा विचार न करता तो पेन ड्राईव्ह तिथल्या तिथे फॉरमॅट केला. व्हायरस गेला आणि बारसंही गेलं. मधल्या काळात संदीपचा मोबाईल चोरीला गेला होता, फोटो तेवढे त्या पेन ड्राईव्हवरच उरले होते. सूनबाई ओक्साबोक्शी रडली. संदीप म्हणाला, "बाबा, आम्ही तुमच्या गेटवरचे कामगार नाही." दुसऱ्या दिवशी ती तिघं निघून गेली. त्यानंतर फोन नाही, काही नाही. काकू आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात काका आणि ते मशीन एवढंच उरलं.

 

मग एके दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. जाऊन बघते तर स्क्रीनवर जाहिरातींची नुसती जत्रा. एक खिडकी वजन कमी करा म्हणतेय, दुसरी मोटार जिंकलात म्हणतेय, तिसरी लग्न जमवायला निघालेली. एक बंद केली की दोन उघडत होत्या.

"काका, तुमच्या मशीनवर हे कसं काय?"

"मेल आला होता," ते खाली बघत म्हणाले. "संदीपच्या नावाचा. वर नुसतं 'फोटो' लिहिलेलं. मला वाटलं, सईचे असतील."

"आणि झडती?"

"नाव बघितलं आणि उघडला."

मला हसूही येईना आणि रडूही. तो मेल संदीपने पाठवलाच नव्हता. त्याच्याच मशीनला लागण झाली होती, तिथून तो सगळ्या ओळखीच्यांना आपोआप गेला होता. हे त्याला कळवायला तर हवं होतं. काकांनी घसा खाकरून फोन लावला आणि एरवी आमच्याशी कधी न बोललेल्या सटाण्याकडच्या बोलीत विचारलं, "कसा शेस रे भाऊ?" म्हणजे, कसा आहेस रे बाळा. पुढे त्यांना बोलवेना, म्हणून व्हायरसचं मीच सांगितलं.

संदीपला फार अपराधी वाटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन. आज हे बटण दाबा, उद्या ते काढून टाका. मध्येच सई फोनवर येऊन काहीबाही बोबडं बोलायची.

असे बरेच दिवस गेले, तरी मशीन काही बरं होईना. मग मीच म्हटलं, "काका, माझ्या ओळखीचा दुरुस्तीवाला आहे, तासाभरात साफ करून देईल."

काका गडबडले. "नको नको. संदीप करतोय ना."

तेवढ्यात फोन वाजलाच. काका तो घेऊन खुर्चीत बसले, चक्क बसले. माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. एकही खिडकी नव्हती. सगळं लख्ख. गेटवर जन्म काढलेल्या माणसाने ते केव्हाच निपटून टाकलं होतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"नाही रे, अजून उघडताहेत खिडक्या," ते फोनवर म्हणाले. "तू आधी सईला दे. मशीनचं काय, उद्या बघू. उद्या करशील ना फोन?"