हृदयासाठी नाश्ता बंद

माझं हृदय शंभर वर्षं टिकवायचं मी ठरवलं, ते बिस्किट खाताना. फोनवरच्या व्हिडिओत एका गृहस्थाने (डॉक्टर नसावा, पण कोट पांढरा होता) सांगितलं की रात्री आठ ते दुपारी बारा तोंड बंद ठेवा, हृदय दुवा देईल. मला इतकं स्फुरण चढलं की आठ वाजायच्या आत मी अख्खा पुडा संपवला.

बायको शिलाई मशीनवर होती. ती घरीच कपडे शिवते, गळ्यात कायम टेप.

"उद्यापासून नाश्ता बंद," मी जाहीर केलं.

"अहो, हृदयाला चालतं का हे? निदान डॉक्टरांना तरी विचारा. तुम्हाला प्रेशर आहे."

"प्रेशर आहे म्हणूनच तर. तू निर्धास्त माहेरी जा."

पुढच्या आठवड्यात ती आईकडे जाणार होती, कितीतरी दिवसांनी. माझ्या तब्येतीचा घोर नसेल तरच, एवढीच तिची अट होती.

सकाळी पोटात कावळे ओरडायचे, पण मी हवेत होतो. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर येईल त्याला धरून मी हृदयावर व्याख्यान द्यायचो. बोलता बोलता कान तापायचे, छाती धडधडायची. मला वाटायचं, हृदय टाळ्या वाजवतंय.

"तुमचा चेहरा लाल दिसतोय," हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

"तेज आहे ते," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात साहेबांचा वाढदिवस आला. अकराच्या सुमाराला केक उघडला. साहेबांनी सुरी उचलली, मी टाळ्या वाजवायला सगळ्यांच्या पुढे (उत्साही माणूस मागे राहतो कसा?). तेवढ्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि साहेबांच्या आधी केक मीच कापला. कपाळाने.

शुद्धीवर येताच मी विचारलं, "बारा वाजले का?"

"तुमचे वाजले," हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

दवाखान्यात बायको धावत आली, टेप गळ्यातच. माझ्या भुवयांत अजून क्रीम होतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला.

"गोळी रोज घेता ना?"

"नाही."

"का?"

"पाकिटावर तुम्हीच लिहिलंय, 'नाश्त्यानंतर'. आता नाश्ताच बंद केलाय."

(सगळी हयात क्लार्कीत गेली. आधीचा कागद आल्याशिवाय पुढचा मी हलवत नाही.)

बायकोने टेपचं टोक डोळ्यांना लावलं. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे," ती म्हणाली. काळजाचा ठोका चुकला तो तेव्हा. मला मनापासून लाज वाटली.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "पण डॉक्टर, लांबच्या हिशेबाने हृदयाला हे सुरक्षित आहे का?"

"वजन उतरायला काहींना मदत होते. वर्षानुवर्षं केलं तर हृदयाचं काय होतं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोळ्या चालू असतील त्यांनी तर विचारल्याशिवाय करूच नये. बाकी, पोट तरी कमी झालं का?"

बायकोने टेप काढली आणि माझ्या पोटाभोवती फिरवली.

"दोन बोटं वाढलंय. बारा ते आठ यांचं तोंड मिटतच नाही."

डॉक्टरांनी पाकिटावरचं 'नाश्त्यानंतर' खोडलं आणि तिथे 'बायकोसमोर' लिहिलं.

"आणि ती माहेरी गेली तर?" मी विचारलं. शंका रास्त होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ठरल्याप्रमाणे बायको माहेरी गेली. बरोबर एक बॅग, गोळ्यांचं पाकीट आणि मी. आता सासूबाई रोज सकाळी नाश्ता वाढतात, बायको गोळी देते, सगळं घर माझ्याभोवती जमतं, आणि गोळी खरंच गिळली का ते पाहायला सासरे चष्मा लावून म्हणतात, "जावईबापू, आ करा."