गाजराच्या गोळ्या आणि गुरुजींचे हात

पेणजवळच्या आमच्या जोहे गावात मुलांना पाढे शिकवावेत ते मीच! निवृत्त झालो तरी रोज संध्याकाळी माझ्या घराची ओटी मुलांनी भरलेली असे. चूक कितीही वेळा करा, मी चिडत नाही. मी फक्त एकाच माणसावर चिडतो. महिपतीवर!

हा महिपती रोह्याच्या शाळेतून निवृत्त होऊन गावी आला आणि समोरच शिकवू लागला. माझ्याच वयाचा, पण मुलांबरोबर लगोरी खेळतो! बघता बघता माझी ओटी बाजार उठल्यासारखी रिकामी झाली आणि त्याची एसटीसारखी भरली.

एवढा दम याला येतो कुठून? एकदा सहज (म्हणजे मुद्दाम) त्याच्या खिडकीवरून गेलो. आत मोठा डबा! वर गाजराचं चित्र आणि लांबलचक इंग्रजी नाव. म्हटलं, सापडलं!

पेणहून तसाच डबा आणला. वर 'रोज एक' लिहिलं होतं. ते सामान्य माणसांसाठी! मला महिपतीला गाठायचं होतं. मी सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर सुरू केलं. डबा संपला की दुसरा!

"अहो, या गोळ्या आहेत की शेंगदाणे?" आमच्या कृष्णाबाईंनी विचारलं.

"जीवनसत्त्वं आहेत. जास्त झाली म्हणून कुणाचं वाईट होतं का?"

दोन-तीन महिने गेले. लगोरी जमेना, पण तळहात पिवळेधमक झाले. शेजारचा कान्हू गणपतीचा कारखानदार. त्यानं माझा हात धरला.

"गुरुजी, कुनाच्या कारखान्यात पितांबर रंगवताव? माझ्याकडं मानसं नाय आन् तुमी चोरून दुसऱ्याकडं?"

"अरे, मी ब्रशसुद्धा धरला नाही!"

"हातावर रंग हाय नि तोंडान नाय म्हनताव!" त्यानं रॉकेलचा बोळा आणून माझे हात घासघास घासले. कातडं निघायची वेळ आली, रंग निघेना. कान्हूचा चेहरा उतरला.

"गुरुजी... ही तं कावील!"

झालं! घरात हळद बंद, तेल बंद, पेज सुरू. कुणी झाडपाल्याचा रस आणला, कुणी गळ्यात माळ बांधली. कावीळ लागेल म्हणून आयांनी माझ्याकडची उरलीसुरली पोरंही उचलली आणि नेऊन बसवली कुठे? महिपतीकडे! त्या संध्याकाळी समोरून पाढ्यांचा गजर चालला होता आणि मी रिकाम्या ओटीवर पेज भुरकत होतो.

दुसऱ्या दिवशी महिपतीच मला पेणला घेऊन गेला. एसटीत खिडकीची जागाही मलाच दिली. त्याचा मला जास्तच राग आला.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढली. "डोळे पांढरेशुभ्र आहेत. कावीळ नाही. काय खाता?"

मी पिशवीतून डबा काढला. किती खातो ते ऐकून डॉक्टर खुर्चीतून उठलेच!

"गुरुजी, हा गाजराचा रंग आहे, हळूहळू जाईल. पण यात इतरही जीवनसत्त्वं आहेत. काही शरीराबाहेर जात नाहीत, साठत राहतात. वर्षभर असं खाल्लं असतंत, तर यकृत बिघडून खरी कावीळ झाली असती! गरज नसताना मूठ-मूठ कशाला? रक्त तपासू. गोळ्या आजपासून बंद."

महिपती डबा निरखत होता. "अरे, असाच माझ्याकडे आहे. मुलानं पाठवलेला."

"माहीत आहे! तूही खातोस ना?"

"छे! गोळ्या चाखूनही नाही पाहिल्या, फेकल्या. डबा चांगला होता, त्यात चिंचोके ठेवलेत. पोरं मोजायला शिकतात."

चिंचोके! मी चिंचोक्यांशी स्पर्धा करत होतो!

रक्त ठीक निघालं. कावीळ नाही हे गावभर कळलं आणि संध्याकाळी ओटीवर ही गर्दी! पोरं माझे हात बघायला आली होती. कान्हूची पोरगी जनी तर पितांबराच्या रंगाची वाटी घेऊन आली आणि माझ्या तळव्याशी ताडून म्हणाली, "गुरुजी, तुमचाच रंग भारी हाय!" हात बघायचा असेल तर आधी एक पाढा म्हणायचा, असा मी नियम केला. समोर महिपती एकटाच चिंचोके मोजत बसला होता. अहाहा!

पण रंग उतरत चाललाय. तसतशी पोरंही कमी होतायत. काल कृष्णाबाईंनी बाजारातून गाजरं आणली. मी हळूच चार-पाच उचलली.

"ठेवा खाली!"

ठेवली. एक सोडून.