हिलालआप्पांची हळद

हिलालआप्पा रोज सकाळी जमिनीला हळद लावायचे. खिशातून पुडी काढायची, ओल्या मातीवर चिमूटभर टाकायची आणि डॉक्टरनं नाडी धरावी तसं उकिडवं बसून राहायचं. हळद हळूहळू लाल व्हायची. मग आप्पा उठून जाहीर करायचे, "ताप शे आजून."

जमीन होती कोरीटच्या रस्त्यावरच्या बंद साबण कारखान्याची. साबण शिजवून उरलेलं सोड्याचं पाणी तिथं वर्षानुवर्षं मुरलं होतं. वर पांढरा पापुद्रा, गवताची काडी नाही. स्वातंत्र्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मालक गाशा गुंडाळून सुरतेला गेला आणि जाताना ती जागा आपल्या मुकादमाच्या, म्हणजे आप्पांच्या गळ्यात मारून गेला.

"काय आप्पा, जमीननं लगीन शे का?" लोक विचारायचे.

"पहिले ताप उतरू दे," आप्पा म्हणायचे.

मी शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. भाजीतल्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे मलाही ठाऊक होतं. पण त्यावरून जमिनीची तब्येत बघावी हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आधी मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

एकदा मोठाच घोटाळा झाला. पिवळी हळद आपोआप कुंकवासारखी झालेली बायकांनी पाहिली. दुपारपर्यंत तिथं नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या. आप्पा धोतर सावरत धावत आले. "देवी नही शे वं माय, सोडा शे हाऊ!"

"सोडामा बी देवी शे," एक म्हातारी म्हणाली आणि तिनं आप्पांच्याच पायांवर डोकं ठेवलं. आप्पांनी निमूटपणे प्रसाद खाल्ला.

पण त्या माणसाचं काम! वरचा पापुद्रा खरवडून गाड्या भरभरून जुन्या खाणीत टाकला. जिप्सम पसरलं. बांध घालून पाणी भरायचं, मुरवायचं, काढून द्यायचं, पुन्हा भरायचं. हिरवळीच्या खताचा धैंचा पेरायचा आणि फुलावर आला की गाडायचा. पायांची सालं निघाली. अशी सहा वर्षं. शेतकी खात्याच्या साहेबांनी माती तपासायला नेली. कित्येक महिन्यांनी कागद आला, 'सुधारणा दिसते.' आप्पा म्हणाले, "हळदनी कवयनं सांगं व्हतं!" मी फळ्यावर शिकवायचो ते हा चौथी नापास माणूस मातीत करून दाखवत होता.

पाणी काढायचा चर मात्र त्यांनी सरळ उतारानं न नेता वळसा घालून, दुप्पट लांब खणला. मी कारण विचारलं. त्यांनी खालच्या पडीक शेताकडं बोट दाखवलं. तिथं पूर्वी जमनाबेनची केळीची बाग होती. जमनाबेन म्हणजे शेजारच्या गुजर घरची कारभारीण. एकट्या आप्पांना दोन्ही वेळचं जेवण तिच्याच घरचं. कारखान्याच्या पाण्यानं तिची बाग बसली; आता वरचा सोडा तिकडं उतरला नाही, तर पावसानं ती जमीन हळूहळू धुऊन निघणार होती.

"पानी कोनी सोडं? मन्हाच हातनी सोडं," आप्पा म्हणाले. "ती भांडती तर बरं व्हतं. ती बोलनीच नही."

सातव्या वर्षी हळद पिवळीच राहिली. नंदुरबारचा बाजार जवळ, मिरची लावा, असं सगळ्यांनी सांगितलं. आप्पांनी केळी लावली. ती तरारली; आप्पांनी तिचे मुनवे, म्हणजे बुंध्याचे कोंब, काढले आणि टोपली घेऊन जमनाबेनच्या बांधावर जाऊन उभे राहिले. आत पाऊल टाकेनात. पुडी हातातच.

जमनाबेन घरातून वाटी घेऊन आली. आप्पांच्या पुडीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. आपल्या शेतात पाणी शिंपडलं, स्वतःच्या घरची हळद टाकली आणि उकिडवी बसली. आप्पा बांधावरूनच वाकून बघत होते. मीही त्यांच्या मागं उभा होतो.

हळद पिवळीच.

"आप्पा," ती मातीकडं बघत म्हणाली, "ताप उतरी गया."

आप्पांनी टोपली बांधाच्या आत ठेवली.

जमनाबेननं वाटीतली उरलेली हळद पदरानं झाकली आणि ती उठली. "मुनवा सकाय लावा. हाई हळद वरनमा टाकसू. चाला, जेवाले."