ओटिलीची पाटी

ओटिली क्लागेस या बाईला क्लाइनरोडे गावाने तब्बल सव्वाशे वर्षं विसरून दाखवलं होतं. तिची आठवण गावाला करून दिली ती हेन्रीके फोसबेर्गने, सोमवारी सकाळी, पावाच्या दुकानात, रांगेतल्या पंधरा माणसांसमोर. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय तिला उरली नव्हती.

हेन्रीके चेलो वाजवायची आणि झकास वाजवायची. स्वतःबद्दल शंका घ्यायची सवय तिला लहानपणी लागली नाही आणि पुढे त्यासाठी वेळ मिळाला नाही. गेली सहा वर्षं ती ग्रंथालयांच्या तळघरांतून विसरलेल्या स्त्री संगीतकारांच्या वह्या उकरून काढत होती. ओटिलीने चेलो आणि पियानोसाठी लिहिलेला सोनाटा तिला तसाच सापडला. त्यातला मधला संथ भाग असा होता, की साथीला पियानो वाजवणारा टिलमान, जो एरवी फक्त जेवणाबद्दल हळवा व्हायचा, तो पहिल्यांदा वाजवून झाल्यावर चक्क जेवायचं विसरला.

ध्वनिमुद्रण करायचं तर ओटिलीच्याच गावातल्या चर्चमध्ये, हा हेन्रीकेचा हट्ट. चर्च मिळालं होतं बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत. सहाला पियानो न्यायला गाडी येणार होती, आणि टिलमानची पुढची मोकळी तारीख होती अकरा महिन्यांनंतरची.

अडचण एकच होती, साखरेच्या बिटाचा हंगाम. बिटांनी भरलेले ट्रॅक्टर दर सात मिनिटांनी चर्चच्या भिंतीजवळून धडधडत जात होते. म्हणून ते पावाच्या दुकानातलं भाषण. "एवढी मोठी बाई तुमच्या गावात राहून गेली आणि तुम्हाला तिचं नाव ठाऊक नाही," असं हेन्रीके स्पष्टच बोलली. "निदान आता तीन दिवस शांत तरी राहा."

गाव ओशाळलं. ओशाळलेलं गाव किती मदत करू शकतं, याचा हेन्रीकेला अंदाज नव्हता.

सरपंच ड्रेवेस हे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचेही प्रमुख होते. त्यांनी मंगळवारी सकाळी सातलाच रस्त्याच्या दोन्ही टोकांना बंब आडवे लावले. वाहतूक ठप्प झाली, चिमणीसुद्धा जपून ओरडू लागली. हेन्रीकेने समाधानाने गज तारांवर टेकवला. सुरुवातीच्या दोन ओळी देखण्या गेल्या आणि चर्चचं दार करकरलं. ड्रेवेस टाचा उंचावत आत आले, हातातलं शिरस्त्राण छातीशी धरून कुजबुजले, "सगळीकडे शांतता आहे, बाई." आणि पुन्हा करकर करत बाहेर गेले. दर अर्ध्या तासाने त्यांनी हा अहवाल चोख दिला.

इकडे अडवलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. ट्रॅक्टरवाल्यांना काम उरलं नाही. ज्या बाईसाठी आपण खोळंबलोय तिचं निदान ऐकू तरी, म्हणून बुधवारी सकाळी चाळीसेक माणसं चिखलाच्या बुटांनिशी चर्चच्या बाकांवर येऊन बसली. श्वास रोखून बसली बिचारी, पण बाकं जुनी, करकरणारी. माणसं आली म्हणून गावातल्या ट्वेलेआजींनी मोठं ताट भरून आलुबुखाराचा केक आणला. आणि सप्टेंबरात आलुबुखाराचा केक कुठेही ठेवा, गांधीलमाश्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. एक माशी थेट माइकवर जाऊन बसली.

ध्वनिमुद्रक येसेन मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून होता. तो शब्द जपून वापरायचा. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "टेक चौदा. गांधीलमाशी."

मग माणसं बाहेर, केक बाहेर, माश्या बाहेर, असं करता करता संध्याकाळचे पाच वाजले. टिलमानने तेवढ्यात केकचे तीन तुकडे उरकले होते. संथ भाग अजून धड एकदाही मिळाला नव्हता. हेन्रीकेने पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं. हा भाग राहिला तर सोनाटा राहिला, आणि ओटिलीबाई पुन्हा तळघरात.

"टेक एकोणीस," येसेन म्हणाला.

या वेळी सूर लागला. हेन्रीकेला ते कळलं, टिलमानला कळलं. शेवटचं पान आलं, आवाज विरत विरत अगदी धाग्याएवढा झाला, आणि त्याच क्षणी उजवीकडच्या भिंतीत ड्रिल मशीन घुसलं.

हेन्रीके हातात गज घेऊन तशीच बाहेर धावली. शिडीवर सरपंच ड्रेवेस होते, भुवया विटेच्या भुकटीने लाल झालेल्या. आपण त्या बाईंना विसरलो हे मनाला फार लागलं, म्हणून जाण्याआधी तुम्हाला पाटी दाखवावी म्हटलं, असं ते संकोचून सांगू लागले. हेन्रीकेचा राग निम्मा उतरलाही असता, पण तेवढ्यात तिने पाटी वाचली.

'शाळामास्तर व गायनमंडळाचे संस्थापक आउगुस्ट क्लागेस यांच्या पत्नी या गावात राहत असत.'

"सोनाटा मास्तरांनी लिहिला का?" हेन्रीकेने विचारलं.

"नाही बाई. त्यांच्या पत्नींनी."

"त्यांना नाव नव्हतं?"

"होतं की. पण चर्चच्या नोंदवहीत एवढंच आहे. क्लागेस मास्तरांची बायको."

हेन्रीकेने पुढची पाच मिनिटं त्यांना शिडीवरून उतरू दिलं नाही. बायकांनी लिहायचं आणि पाटीवर दुसऱ्यांनी झळकायचं, हे किती शतकं चालणार, असं तिने खडसावून विचारलं. पाटीवर फक्त ओटिलीचं नाव हवं, ठसठशीत, आजूबाजूला कुणी नको. ड्रेवेसनी मान खाली घालून पाटी काखोटीला मारली आणि ड्रिल घेऊन घरी गेले. जाताना त्यांनी बंबाजवळच्या माणसांना सांगितलं, की सहापर्यंत कुणी खोकायचंही नाही.

पाच वाजून वीस मिनिटांनी हेन्रीके पुन्हा बसली. अजून तिचं डोकं तापलेलं होतं, पण वाजवायला लागल्यावर ती राग विसरली, मग घड्याळ विसरली, आणि शेवटच्या पानावर तर आपण हेन्रीके फोसबेर्ग आहोत हेसुद्धा विसरली. हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडलं असेल.

"टेक वीस," येसेन म्हणाला. "मिळालं."

मार्चमध्ये नवी पाटी लागली. सगळं गाव जमलं. 'ओटिली क्लागेस, संगीतकार', बाकी एक अक्षर नाही. ड्रेवेस कोट घालून आले होते. हेन्रीके कंपनीकडून आलेली सीडीची खोकी तशीच, न उघडता घेऊन आली होती. तिने खणखणीत भाषण ठोकलं आणि पहिली सीडी ट्वेलेआजींच्या हातात दिली.

मुखपृष्ठावर लाल झग्यातली हेन्रीके होती, चेलोवर हनुवटी टेकून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. वर बोटभर अक्षरांत 'हेन्रीके फोसबेर्ग'. खाली 'विस्मृतीतल्या स्त्रिया'.

आजींनी ती उलटसुलट केली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. "ह्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "फोटो छान आलाय. पण आमची ओटिली कुठेय?"

हेन्रीकेने सीडी हातात घेतली. मागच्या बाजूला कंपनीचा पत्ता आणि बारकोड यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, मुंगीएवढ्या अक्षरांत बहुधा ओटिलीचं नाव होतं. तिने हात लांब करून पाहिलं, जवळ आणून पाहिलं. ड्रेवेस नुसते नव्या पाटीकडे बघत राहिले, आणि हेन्रीकेला तेच जास्त लागलं.

तोवर सह्या घ्यायला रांग लागली होती. कुणीतरी जाड काळं मार्कर पुढे केलं. हेन्रीकेने ते घेतलं आणि आपल्याच फोटोवर, कपाळापासून चेलोपर्यंत, ठसठशीत लिहिलं: ओटिली क्लागेस. मग दुसरी सीडी, मग तिसरी. खोकी संपेपर्यंत ती मान वर न करता लिहीत होती.

ट्वेलेआजींनी आपली सीडी पुन्हा तिच्यापुढे धरली.

"तुमचंही नाव टाका की," त्या म्हणाल्या. "खाली कुठेतरी. बारीक."