आबांच्या पापण्या आणि घाटाचं निशाण

"आबा झोपलेले व्हते!" असं बाजीराव मागच्या यात्रेत भर घाटात ओरडला, आणि तीस वर्षं अंबाजींच्या हातात असलेलं निशाण गेलं.

नवलाख उंबरे गावच्या यात्रेत बैलगाडे पळतात. शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात. त्याच्या माथ्यावर, शेवटच्या रेषेशी, पंच लाल निशाण धरून उभा असतो. बैलांनी रेषा ओलांडली की निशाण खाली, निशाण खाली की घड्याळ बंद. सगळा खेळ सेकंदांचा. अंबाजींच्या पापण्या वयानं ओघळून बुबुळांवर आल्या होत्या. हनुवटी वर केली की खालच्या फटीतून त्यांना सगळं स्वच्छ दिसायचं. पण बघणाऱ्याला काय दिसणार? तोंड वर करून झोपलेला म्हातारा! बाजीरावाचा गाडा हरला होता, त्याला निमित्त हवंच होतं.

यंदाच्या यात्रेला महिना राहिला तेव्हा कमिटीचा अध्यक्ष निलेश म्हणाला, "आबा, तुमी मंडपात बसा. मान तुमचाच."

"मान नको मला. निशाण दे."

दिलं नाही. दुसरा कुणी रुसून घरी बसला असता. अंबाजींनी सरळ तळेगावचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पापण्या उचलून पाहिल्या. "पापणी वर ओढणारा स्नायू सैल झालाय, आजोबा. थोडा ताणून पक्का करू."

"ताना. मोटरीचा पट्टा तानत्यात तसा ताना."

"पण काही आठवडे झोपेत डोळे पूर्ण मिटणार नाहीत. मलम चुकवायचं नाही."

"झोपेचं सोडा. जागेपणी उघडं र्‍हात्यात का, तेवढं सांगा."

ते राहिले. टाके निघाल्यावर अंबाजी घरी आले, तेव्हा त्यांची बायको मुक्ताबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली आणि उंबऱ्यातच थबकली. "अगं बया! असं काय बघताय? म्यां काय केलं?"

"काय न्हाई. लय वर्सांनी आख्खी दिसलीस."

मुक्ताबाई पदर सावरत आत पळाली. दुपारी मात्र नवरा त्याच डोळ्यांनी तिच्याकडं बघत घोरायला लागला, तेव्हा तिनं घाबरून त्याच्या तोंडावर टॉवेल टाकला. पुढं ते रोजचंच झालं.

यात्रा जवळ आली तसे अंबाजी निलेशसमोर जाऊन उभे राहिले. नुसतं बघितलं. निलेशनं कपाटातून निशाण काढून त्यांच्या हातात दिलं. "घ्या आबा, पन रागावू नका."

"रागावलो न्हाई. डोळंच आता असं हायेत."

यात्रेच्या दिवशी अंबाजींनी चारच म्हणत सात पुरणपोळ्या हाणल्या. वर कमिटीनं कौतुकानं रेषेशी खुर्ची टाकून दिली. भर दुपारी, उन्हात, पोटभर जेवलेल्या माणसाला खुर्ची देऊ नये. बाजीरावाचा गाडा सुटला, घाट गरजला, आणि बैल दहा पावलं लांब असतानाच अंबाजींच्या सैल हातातून निशाण गळून पडलं. धुरळ्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण घड्याळ थांबलं. भोंग्यावरून पुकारा झाला, "आजवरचा सगळ्यात कमी टाईम! पैला नंबर!"

बाजीरावानं आनंदानं मूठभर भंडारा उधळला. तो सगळा अंबाजींच्या उघड्या डोळ्यांत गेला. ते कळवळून जागे झाले. पायाशी निशाण, कानाशी पुकारा. काय झालं ते त्यांना लगेच समजलं. गप्प बसलं की निशाण मरेपर्यंत त्यांचंच. बोललं की गेलंच. अंबाजींनी माईक हिसकावून घेतला.

"निकाल रद्द! मला झोप लागलेली. निशाण आधीच पडलं."

"कायबी काय आबा!" बाजीराव ओरडला. "डोळं टक्क उघडं व्हतं तुमचं. आख्ख्या घाटानं बघितलंय."

"उघड्या डोळ्यांनीच झोपलो."

घाट खो खो हसला. निलेशनं त्यांचा हात धरला. "आबा, चेष्टा पुरे."

बायकांच्या घोळक्यातून मुक्ताबाई उठली. "चेष्टा न्हाई रं मुडद्यांनो! असंच झोपत्यात हे! रोज टावेल टाकते मी तोंडावर!"

लोक आणखीच हसले. आता मात्र अंबाजींचं डोकं फिरलं.

"जागा व्हतो तवा झोपला म्हनलात. आता झोपलो, तर जागा म्हनताय. डोळं माझं हायेत का तुमचं?" असं म्हणून ते रेषेवर आडवे झाले. "हितनं हलनार न्हाई. गाडा परत पळवा, न्हाईतर पुढचा गाडा माझ्या अंगावरनं न्या!"

काय करणार? तासभर बैलांना दम खाऊ दिला आणि गाडा परत जुंपला. अंबाजींनी खुर्ची लाथेनं उडवून दिली आणि रेषेशी उभे राहिले. भंडाऱ्यानं डोळे अजून चुरचुरत होते, पाणी थांबत नव्हतं. त्यांनी पापण्या अर्ध्या मिटल्या, जुन्या सवयीनं हनुवटी वर केली आणि फटीतून बघत राहिले. बैलांनी रेषा ओलांडली त्याच क्षणाला निशाण खाली आलं. बाजीरावाचा गाडा दुसऱ्या नंबरावर घसरला.

"आबांचं डोळं झाकलेलं व्हतं!" बाजीरावानं बोंब ठोकली. "परत झोपले व्हते!"

निलेश एकदा बाजीरावाकडं, एकदा अंबाजींकडं बघू लागला. अंबाजींनी उपरण्यानं डोळे पुसले, दोन्ही पापण्या पार वर उचलल्या आणि बाजीरावाच्या समोर जाऊन उभे राहिले.

"व्हय, झोपलो व्हतो," ते म्हणाले. "लिव रं निलेश. दुसरा नंबर."

निलेशनं मुकाट्यानं लिहिलं.