बिळांचं विद्यापीठ

एका जंगलात, मुलांनो, खड्डे फार होते आणि बिळं कमी.

खड्डा कुणालाही खणता येतो. बीळ खणायला शिकावं लागतं, नाहीतर छत डोक्यावर येतं. म्हणून त्या जंगलानं फार पूर्वी एक सरकारी कॉलेज काढलं होतं. बीळ तंत्र महाविद्यालय. तिथून पास झालेल्यालाच बीळ खणायचा परवाना मिळे.

प्राचार्य होते घूस सर. त्यांची शेवटची परीक्षा साधी होती. विद्यार्थ्यानं दोन दारांचं बीळ खणायचं आणि आत बसायचं. सर पुढच्या दारातून घागरभर पाणी ओतत. विद्यार्थी मागच्या दारानं कोरडा बाहेर आला की पास. ओला आला की नापास. आलाच नाही, तर सर स्वतः आत जाऊन त्याला शेपटीला धरून बाहेर ओढत आणि वर चार शब्द ऐकवत.

शेवटच्या वर्षाला मंजी नावाची एक साळिंदरीण होती. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. (साळिंदरांच्या लग्नात एकमेकांना घास लांब काठीनं भरवतात. संसार टिकतात ते त्यामुळेच.)

तिच्या सासरच्या बिळाला एकच दार होतं. मागच्या साली त्या दारातून अजगर आला. सासूबाई बाहेर मुळं निवडत होत्या, म्हणून वाचल्या. सासरे आत झोपले होते. ते आता फोटोत असतात.

म्हणून सासूबाईंनी लग्नानंतरही सुनेचं शिक्षण चालू ठेवलं. "पण एवढंच वर्ष हं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "परवाना आण आणि आधी या घराला मागचं दार काढ. मला रात्री डोळ्याला डोळा लागत नाही."

सगळं ठीक चाललं होतं. पण जंगलाचा राजा सिंह शेजारच्या जंगलात बारशाला गेला. तिथला राजा वाघ सहज म्हणाला, "आमच्याकडे विद्यापीठ आहे. तुमच्याकडे?"

सिंह परत आला तो जेवलाच नाही. एका हरणाला बरं वाटलं. बाकीचं जंगल काळजीत पडलं.

तेव्हा शिक्षणमंत्री तरस म्हणाला, "महाराज, विद्यापीठ बांधायला वर्षं लागतील. पण आहे त्याला विद्यापीठ म्हणायला एक कायदा पुरतो."

"त्यानं काय होईल?" सिंहानं विचारलं.

"दर्जा वाढेल."

"कशानं?"

"कायद्यानं, महाराज."

मुलांनो, नाव बदललं की सगळं बदलतं, असं पुष्कळांना वाटतं. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं की तिला पुरणपोळी आपोआप जमते. हेही तसंच.

कायदा झाला. सगळ्यांनी शेपट्या आपटून तो मंजूर केला. त्यात लिहिलं होतं की कॉलेजची बिळं, फावडी, घागर, शिक्षक, शिपाई, उधारी आणि मागच्या भिंतीवरचं गांधीलमाश्यांचं पोळं हे सगळं आजपासून विद्यापीठाचं समजावं.

विद्यार्थी तेवढे लिहायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी मंजी फावडं घेऊन आली. फाटकावर घोरपड होती. कालपर्यंत ती चौकीदार होती. आज सुरक्षा अधिकारी झाली होती.

"कोण आपण?" घोरपडीनं विचारलं.

"अगं, मी मंजी. रोज तर येते."

"रोज कॉलेजात येत होतात. हे विद्यापीठ आहे. विद्यापीठाला अजून विद्यार्थी नाहीत."

"मग मी कुणाची विद्यार्थिनी?"

"कॉलेजची."

"कॉलेज कुठंय?"

"ते नाही," घोरपड म्हणाली. "सरका बाजूला, कुलगुरूंची स्वारी येतेय."

कुलगुरू म्हणून सांबराला नेमलं होतं. त्याची शिंगं जंगलात सगळ्यांत भारदस्त होती आणि फोटोत छान येत. फक्त ती बिळाच्या दारातून आत जात नसत. म्हणून विद्यापीठानं पहिला ठराव केला तो दार रुंद करण्याचा. रुंद करता करता छत खाली आलं. अशा रीतीनं विद्यापीठाला प्रशस्त मोकळं प्रांगण लाभलं.

बाकीची मुलं रडून-भेकून घरी गेली. कुणी मासे पकडायला लागलं, कुणी मध काढायला. मंजी मात्र फाटकापाशी बसून राहिली. घूस सर डबा खायला बाहेर आले, तेव्हा तिनं त्यांना गाठलं.

"सर, माझं शिकून झालंय. परीक्षा तेवढी घ्या. घागर मी भरून आणते."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "पोरी, परवापर्यंत परीक्षा मी घेत होतो. आता ती परीक्षा मंडळ घेणार."

"मंडळ कुठंय?"

"ते विद्वत्सभा नेमेल."

"आणि विद्वत्सभा?"

"ती कुलगुरू नेमतील. दार रुंद करून झालं की."

"पण छत तर पडलं ना, सर?"

"हळू बोल," सर म्हणाले. "मला आता अधिष्ठाता म्हणतात. मला छताबद्दल बोलता येत नाही."

मंजी घरी गेली की सासूबाई विचारत, "झाली का परीक्षा?"

"नाही, आई. मी तिथली विद्यार्थिनी नाही म्हणतात."

"मग रोज सकाळी नटूनथटून जातेस कुठं?"

"हाकलून घ्यायला."

"ते इथंही झालं असतं की," सासूबाई म्हणत. पण ताट वाढून ठेवत. आणि रात्र झाली की दाराकडे तोंड करून, काटे फुलवून बसत.

इकडे पदं भरली जात होती. सिंह कुलपती झाला. तरस त्याच्याखालोखाल झाला. व्यवस्थापन परिषदेवर माकडं गेली, विद्वत्सभेवर गवे. परीक्षा मंडळावर ससे घेतले, कारण ते घाबरून सगळ्यांना पास करतील. विद्यार्थी कल्याण समितीवर अजगर होता. जो उरला त्याला सल्लागार केलं. जंगलात समितीवर नाही असं कुणी राहिलंच नाही.

मग पहिला पदवीदान समारंभ ठरला. शेजारचा वाघ पाहुणा. मांडव पडला, झगे शिवले. आदल्या दिवशी कुणाच्यातरी लक्षात आलं की पदवी द्यायला विद्यार्थीच नाही.

"मानद पदवी द्या," तरस म्हणाला. "मी आहेच."

सांबरानं कायदा उघडला. मानद पदवी कुणालाही देता येत होती. अट एकच. त्या प्राण्याचा विद्यापीठाशी काहीही संबंध नसावा.

तरस बाद झाला. सिंह बाद झाला. माकडं, गवे, ससे बाद झाले. अजगरानं राजीनामा द्यायची तयारी दाखवली, पण तो स्वीकारायला समिती लागणार होती.

सांबर घाम पुसत फाटकापाशी आला. तिथं मंजी बसली होती.

"बाई, संबंध नसलेल्या कुणाला तरी पदवी द्यायचीय. तुमचा विद्यापीठाशी काय संबंध?"

मंजीनं तोंड उघडलं. इतके दिवस ती हाच संबंध सांगत होती. मग तिनं झग्यांचा ढीग पाहिला आणि तोंड मिटलं.

"काहीच नाही, सर," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी साक्षीला आहे, साहेब," घोरपड म्हणाली. "रोज हाकलतेय."

समारंभ थाटात झाला. मंजीचा झगा काट्यांना अडकून फाटला, पण समोरून ते दिसत नव्हतं. तिला बीळविद्यावाचस्पती ही सर्वोच्च पदवी मिळाली. वाघानं टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या तोंडावर असूया स्पष्ट दिसली. सिंह त्या रात्री पोटभर जेवला. हरणाबद्दल आपण बोलायला नको.

मांडव उतरत होता तेव्हा मंजीनं विचारलं, "सर, आता परवाना मिळेल ना? घराला मागचं दार काढायचंय."

"छे छे!" सांबर म्हणाला. "मानद पदवीवर खणता येत नाही. फक्त मार्गदर्शन करता येतं."

घरी सासूबाई वाटच पाहत होत्या. मंजीनं सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला येतं, पण तू खणायचं नाही?"

"नाही."

"दुसऱ्याला सांगितलंस तर चालतं?"

"चालतं. पण परवानेवाले होते ते समित्यांवर गेले आणि नवीन कुणी आता तयारच होत नाही, आई."

सासूबाईंनी पदर खोचला. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि मागच्या भिंतीवर पहिला घाव घातला. माती भसकन खाली आली.

"अहो आई! तुम्हाला परवाना नाही. कुणी पकडायला आलं तर?"

"आलं तर पुढच्या दारानंच येईल ना?" सासूबाई म्हणाल्या. "आपण मागच्या दारानं जाऊ. तू मुकाट्यानं मार्गदर्शन कर."

मंजीनं भिंतीला कान लावला. "थोडं डावीकडे, आई," ती म्हणाली. "आणि वर नको. छत आहे."

तात्पर्य : मुलांनो, खूप शिका, पण आपण विद्यार्थी आहोत हे कुणाला कळू देऊ नका. पदवी हुकते.