फायबरच्या रथास जमीन मिळाल्याची बखर

श्री. ज्या आकाशास भिंत नाही, दार नाही आणि ज्याखाली बोलावयास सोसायटीची परवानगी लागू नये, त्या आकाशास आधी नमस्कार. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघ मासी जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु या प्रकरणी क्रोध थोडका आणि हट्ट बहुत, हे वाचणाराने ध्यानी धरावे.

पठारावरील एका राज्यी त्र्यंबकराव शिंगटे म्हणोन राजे नांदत होते. राज्य म्हणजे तिसरे मजल्यावरील दोन खोल्या, स्वैपाकघर आणि पार्किंगमधील एक चौकोन. आणि त्या राज्याच्या राणीसाहेब प्रमिलाबाई. राजे टेलिफोन खात्याची चाकरी पुरी करून निवृत्त जाहले, आणि त्यांजपाशी सरकारची सनद होती जे, आपले घरचे वायरलेस यंत्र लावून हौसेखातर आकाशी बोलावे. यास हॅम रेडिओ म्हणतात. आणि दर्याकिनारी बाबल तोडणकर म्हणोन त्यांचे स्नेही सरदार, तेही तैसेच सनदी, घरी एकटे. आणि दर रविवारी सकाळी आठाचे सुमारास दोघांनी तासभर आकाशी बोलावे, ऐसा एकवीस वर्षांचा शिरस्ता. मग पौष मासी इमारतीच्या अध्यक्षांचे फर्मान सुटले की, गच्चीवरील काठ्या आणि तारा उतरवाव्या, रंगकाम आहे, आणि रंग जाहल्यावरही चढवू नयेत, शोभा जाते. राजांनी निशाण, म्हणजे गच्चीवरील अँटेना, उतरविले, आणि तीन रविवार आकाश मुके जाहले.

कोणी म्हणेल, फोन आहे की. तर फोनही केला. राजे बोलिले, "बरा आहेस?" सरदार बोलिले, "बरा. तू?" राजे बोलिले, "बरा." आणि पुढे दोघांस शब्द सुचेना. कारण वायरलेसवर एकाने 'ओव्हर' म्हणेतो दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये हा धर्म, तेणेकरून बोलणारा पोटातले सगळे बाहेर काढी. आणि फोनवर दोघेही एकदम 'हां हां' करीत आणि दोघेही एकदम गप्प होत. ऐसे चार फोन जाहले, आणि चौथ्यास सरदार बोलिले, "त्र्यंबका, मुलगी तिच्याकडे राहायला बोलावतेय. फ्लॅट लहान, यंत्राला जागा नाही म्हणते. तू ऐकू येत असतास तर भांडलो असतो तिच्याशी. आता कशासाठी भांडू? या रविवारी शेवटचं लावून बसतो. नाही आलास तर सोमवारी एक माणूस येऊन यंत्र घेऊन जाणार आहे." राजांनी फोन ठेविला आणि हे वर्तमान राणीसाहेबांस सांगितले नाही, आणि राणीसाहेबांस स्वैपाकघरातून ते सर्व आधीच कळले होते.

मग मसलत ऐसी ठरली की, निशाण मोटारीवर चढवावे, मोटारीवर अध्यक्षांचा अंमल नाही. मोटार पिवळी, दोन दारांची, बहुत जुनी, आणि तिचे अंग पत्र्याचे नव्हे, फायबरचे. राजांनी चुंबकाच्या बैठकीची अँटेना आणविली आणि टपावर ठेविली, आणि ती क्षणभर उभी राहोन, जणू मुजरा करून, राणीसाहेबांच्या कोथिंबिरीच्या कुंडीत पडली. तेव्हा सलाउद्दीन मिस्त्री, जे फायबरच्या टाक्या सांधण्यात नामांकित, त्यांस बोलाविले. मिस्त्री टपावर बोट वाजवून बोलिले, "साहेब, चुंबक लोखंडाला धरतंय. ही गाडी कुठली, पाण्याच्या टाकीची थोरली भैन हाय ही."

"मग काय करायचं?"

"भोक पाडायचं."

राजे "पाडा" म्हणोन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भोक पडले, बोल्ट बसला, चार हात लांब काठी टपावर डौलाने उभी राहिली, आणि राजांनी यंत्र लावून पाहिले तो मापकाचा काटा तांबड्यात. म्हणजे पाठविलेला जासूद वेशीवरूनच माघारा येई. कारण ऐसे जे, अँटेनेस पायाखाली धातूचा विस्तार लागतो. पत्र्याच्या मोटारीस टप हाच विस्तार. त्यास या विद्येत जमीन म्हणतात. आणि फायबरच्या रथास जमीन कैसी? मग राजांनी आणि मिस्त्रींनी आतील छताचे कापड सोडविले आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या टपास आतून चिकटविल्या आणि बोल्टास जोडिल्या, परंतु अर्धा टप होतो न होतो तो पट्टी सरली, आणि शहरात दुसरी मिळेना, मागविली ती सोमवारी यावयाची. काटा तांबड्यातून निघाला, हिरव्यात जाईना, मध्येच लटकला. आणि तो दिवस शनिवार.

रविवारी सकाळी राजांनी रथ गावाबाहेरील माळावर नेला. राणीसाहेब थर्मास घेऊन शेजारी बसल्या आणि बोलिल्या, "मी फक्त चहा द्यायला आलेय." आठास पाच कमी असता राणीसाहेबांचा गुडघा आखडला, तो सरळ करावयास त्यांनी वर छतास, उघड्या तांब्याच्या पट्टीवर, तळहाताचा रेटा दिला, आणि काटा सरळ हिरव्यात उतरला.

राजे बोलिले, "हात काढू नकोस."

"का, काय झालं?"

"जमीन कमी पडत होती. तू जमीन झालीस."

"एकोणचाळीस वर्षं संसार केला, तेव्हा कुठे जमीन झाले," राणीसाहेब बोलिल्या, परंतु हात काढिला नाही.

मग राजांनी पुकारा केला. उत्तर नाही, नुसती खरखर. पुनः केला. खरखर. तिसऱ्यांदा केला, आणि विहिरीच्या तळातून यावा तैसा आवाज आला, "खंय होतंस रे मेल्या? ओव्हर." राजे माईक हाती धरोन नुसते बसले.

"अहो, बटण दाबा," राणीसाहेब बोलिल्या.

मग दोघे बोलत राहिले. दात, पेन्शन, आंब्याचा मोहर, अध्यक्षांची अक्कल, काही राहिले नाही. मध्येच सरदारांनी पुसिले, "वहिनींचा गुडघा कसा आहे? ओव्हर." आणि राजे एकवीस वर्षांच्या सवयीने, शेजारी कोण बसले आहे हे विसरोन, बोलिले, "जिना उतरताना धरतो अजून. मी पुढे चालतो तर ती म्हणते, तुम्हांला सदा घाई. घाई कसली, पडलीच तर माझ्यावर पडावी म्हणून पुढे असतो. ओव्हर." आणि इतक्यात, आकाश सर्व सनदींस ऐकावयास खुले म्हणोन, काळ्या मातीच्या मुलुखातून एक परका आवाज शिरला, "वहिनींना म्हणावं, एरंडाच्या पानानं शेका." आणि दुसरा, "ऑपरेशनची घाई नको, आमच्या हिला पस्तावा झालाय."

राणीसाहेब बोलिल्या, "म्हणजे अख्ख्या आकाशाला माझा गुडघा ठाऊक?"

राजे कानापर्यंत तांबडे जाहले. हात भरोन आला तेव्हा राणीसाहेबांनी आधी डावा छतास लाविला आणि मगच उजवा काढिला. आणि शेवटी सरदार बोलिले, "सोमवारच्या माणसाला नको सांगतो. मुलीला म्हणतो, मला खोली नको, तुझी गॅलरी दे. ओव्हर."

सोमवारी पट्टीची गुंडाळी आली आणि मिस्त्री हजर होऊन बोलिले, "बाई, आता जमीन पुरी करतो. मग हात लावायला नको."

"राहू द्या, मिस्त्री," राणीसाहेब बोलिल्या. "आहे तेवढी पुरे."

राजे बोलिले, "अगं, दर रविवारी तासभर हात वर..."

"चहा एका हातानं पिता येतो," ऐसा हुकूम जाहला, आणि त्यावर अपील चालले नाही.

सारांश, सरदारांचे यंत्र मुलीच्या गॅलरीत लागले, रविवारचा शिरस्ता पूर्ववत चालू आहे, आणि तांब्याची गुंडाळी न फोडता कपाटात आहे. मजकूर इतकाच. दौतीस झाकण घातले.